हाक येण्याआधी

लोकांना वाटतं मी शूर आहे. मी तसं कधी कुणाला सांगितलेलं नाही, पण कुणी म्हटलं तर "छे हो, कसलं काय" म्हणत मनातल्या मनात फुगते. उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसणं हे माझं काम. गच्चीवरून दोन दोर सोडायचे, एकावर स्वतःला टांगून घ्यायचं, दुसरा पहिल्यानं दगा दिलाच तर म्हणून. कमरेला बादली, हातात रबरी पट्टीचा वायपर, आणि वरून खाली एकेक मजला पुसत यायचं. गच्चीवर आमचे हे असतात. गाठी तेच मारतात आणि मी जमिनीला पाय लावेपर्यंत कठड्यापासून हलत नाहीत. लग्न झाल्यापासून या माणसानं मला जवळजवळ रोज टांगलंय. चारचौघांत मी हे वाक्य टाकलं की ते कानकोंडे होतात, म्हणून मी ते वारंवार टाकते.

घरात माझं नाव पाल. भिंतीला चिकटते म्हणून. हे नाव ठेवलं भाऊजींनी, म्हणजे माझ्या नणंदेच्या यजमानांनी. शहरात बस चालवायचे ते. रोज नवी गर्दी बघून बघून प्रत्येकाला टोपणनाव द्यायची त्यांना खोडच लागली होती. नणंदेला सगळं जग ताई म्हणतं. मी वन्सं म्हणते, कारण तो जुनाट शब्द ऐकला की त्यांना एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटतं आणि त्या चिडतात. नणंदेला चिडवायची सोय फार थोड्या भावजयांना मिळते, ती मी सोडत नाही.

वन्सं दातांच्या कवळ्या बनवतात. एका अरुंद खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर, गुलाबी मेणात एकेक दात रोवत बसतात. त्या सवयीनं समोरचा माणूस बोलायला लागला की त्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघतात, आणि माणूस अर्ध्यातच गप्प होतो. भाऊजी एकटेच असे, की जे त्यांच्यासमोर खुशाल दात दाखवत हसतात.

ही दोघं लग्नाआधीपासून एक वेडेपणा करत आली होती. शहराबाहेर एक जुनी दगडखाण आहे. दगड काढता काढता खाली झरे फुटले, यंत्रं उचलून न्यावी लागली आणि तो प्रचंड खड्डा हळूहळू पाण्यानं भरला. तीन बाजूंना उभे कडे आणि एका बाजूला उतार, जिथून पूर्वी ट्रक आत जायचे. पाणी भर उन्हाळ्यातही गार, कारण ऊन कड्यांवरून खाली उतरेपर्यंत त्याची परतायची वेळ होते. तिथे ही दोघं दर रविवारी कड्यावरून उड्या मारायची. पूर्वी आणखी काही जण होते. कुणाचे गुडघे गेले, कुणी शहर सोडलं. शेवटी ही दोघंच राहिली.

त्यांचा एक नियम होता. आधी एकानं उडी मारायची. त्यानं वर यायचं, श्वास घ्यायचा, बाजूला सरकायचं आणि वरच्याला हाक मारायची. हाक आल्याशिवाय वरच्यानं उडी मारायची नाही. आणि हाक मारायचा हक्क त्यालाच, जो त्या दिवशी स्वतः वरून आला. काठावरून पोहत आलेल्यानं कितीही घसा फोडला तरी ती हाक धरायची नाही. आधी उडी मारायचे ते कायम भाऊजी. खालून त्यांची लांबलचक हाक यायची, "ये गं." मग वन्सं यायच्या. इतक्या वर्षांत यात कधी उलटसुलट झालं नव्हतं.

गेल्या वर्षी भाऊजींच्या हृदयात स्टेंट टाकली. बस सुटली आणि गार पाणीही सुटलं. डॉक्टरांनी अगदी स्पष्ट सांगितलं, पोहायचं असेल तर कोमट पाण्यात, आणि उड्याबिड्यांचं नावही काढायचं नाही. भाऊजींनी ते हसून घेतलं. पण वन्संही परत कड्यावर गेल्या नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायच्या खांदा दुखतो. पुढच्या वेळी म्हणायच्या वरच्या दगडावर शेवाळ आलंय. मग म्हणायच्या कामं फार साचलीत, लोकांना दातांशिवाय किती दिवस ठेवू.

एका शनिवारी संध्याकाळी भाऊजी आमच्याकडे आले. शनिवारी मी दोर तपासते. सगळा दोर बोटांमधून ओढून काढायचा, कुठे धागा तुटलाय का, कुठे कडक झालाय का, ते हातानं बघायचं. डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळतं. भाऊजी येऊन समोरच्या स्टुलावर बसले, दोराचं दुसरं टोक हातात घेतलं आणि माझ्याकडे सरकवत राहिले.

"पाल, एक काम आहे."

"सांगा ना."

"कड्यावरून उडी मारशील का?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"ती माझ्याशिवाय उडी मारते का, हे मला एकदा बघायचंय," ते म्हणाले. "बास, एवढंच. मी काही उद्या निघालो नाही. डॉक्टर म्हणतात गाडी अजून पुष्कळ चालेल. पण कधीतरी जाईनच ना? आणि ती तशीच वर उभी राहिली तर? हाकेची वाट बघत? ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही बघ. झोपताना येतं, दाढी करताना येतं."

मी दोर ओढायची थांबले होते. भाऊजींना मी इतक्या वर्षांत कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. एवढा हसरा माणूस आता दोराच्या टोकाशी चाळा करत बसला होता.

"हाक मारायला कुणीतरी वरून आलेलं पाहिजे," ते म्हणाले. "तुझ्याशिवाय आहे कोण? तू तर रोजच वरून येतेस."

यावर नाही कसं म्हणणार? शूर म्हणून मिरवलं होतं ना, आता भोगा. मी हो म्हटलं. भाऊजी गेल्यावर आमच्या ह्यांना सांगितलं. त्यांना पाणी म्हणजे बादलीतलं, त्यापलीकडचं पाणी ते लांबूनच नमस्कार करून सोडून देतात. ते एवढंच म्हणाले, "मग दोर कुठला नेतेस?"

सोमवारी मी वन्संच्या खोलीत गेले. त्या कुणाच्या तरी खालच्या जबड्यावर वाकलेल्या होत्या.

"वन्सं, मला कड्यावरून उडी मारायला शिकवा."

त्यांनी मान वर केली आणि सवयीप्रमाणे माझ्या तोंडाकडे पाहिलं. "त्यानं पाठवलं का तुला?"

"नाही हो. माझी हौस."

"खोटं बोलताना तुझा वरचा ओठ दाताला चिकटतो," वन्सं म्हणाल्या आणि परत जबड्यावर वाकल्या. मी तशीच उभी राहिले. मेणातून डोकं न काढता त्या म्हणाल्या, "रविवारी ये. जाड टॉवेल आण."

रविवारी सकाळी आम्ही तिघं खाणीवर गेलो. आमचे हे कामाचं निमित्त काढून घरीच राहिले. बहीण आणि बायको दोघी एकदम कड्यावरून पडताना बघायची त्यांची तयारी नव्हती.

खाण मी लांबून पाहिली होती, आत कधी उतरले नव्हते. उतारावरून खाली जाताना आवाज हळूहळू मागे राहिले. रस्ता गेला, वारा गेला, आणि मग आमच्याच चपलांचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत यायला लागला. माझी बडबड आपोआप बंद झाली. कड्यांवर वरपासून खालपर्यंत यंत्रानं पाडलेल्या भोकांच्या सरळ रेघा होत्या. दगडाचे थर होते, राखाडी, मग तांबूस, मग जवळजवळ काळा. हा दगड आतमध्ये अंधारात किती काळ पडून होता कोण जाणे, माणसानं येऊन फोडला तेव्हा त्यानं पहिल्यांदा ऊन पाहिलं. आणि तळाशी ते पाणी. हिरवं, गडद, एकही सुरकुती नसलेलं. मी दिवसभर काचा बघणारी बाई आहे, पण एवढी मोठी आणि एवढी स्वच्छ काच मी पाहिली नव्हती. मला उगाच वाटलं, इथे मोठ्यानं बोलू नये.

भाऊजी उतारावर घडीची खुर्ची मांडून बसले. अंगात जाकीट, डोक्यावर टोपी, पायाशी कॉफीचा थर्मास. वन्सं पाण्यात शिरल्या, कड्याखालपर्यंत पोहत गेल्या, बुड्या मारून खाली एखादा ओंडका वगैरे आलाय का ते पाहून परत आल्या. मला त्यांनी गळ्यापर्यंत पाण्यात उभं केलं. "अंग ओलं करून घे. आणि लक्षात ठेव, हे वरचं पाणी आहे. खालचं याचं कुणी लागत नाही."

मला वरच्याच पाण्यानं हुडहुडी भरली. "वन्सं, मी इथूनच पोहत जाऊन खाली थांबते ना. तिथून हाक मारते. काय फरक पडतो?"

"वरून न आलेल्याला काय माहीत, वरून येणं आज कसं आहे?"

"पाणी तेच की हो."

"पाणी तेच," वन्सं म्हणाल्या. "पण ते पायांना कसं लागलं, ते त्यालाच ठाऊक ज्याला लागलं. चल वर."

मागच्या बाजूनं चढायला पायवाट होती. वर पोचलो तर मी आधी खूशच झाले. माझ्या हिशेबानं जेमतेम तिसरा मजला. तिसऱ्या मजल्यावर आले की मी घरी पोचल्यासारखीच असते. तिथून मी खाली फुटपाथवरच्या ओळखीच्या लोकांशी गप्पा मारते. कड्याच्या टोकाशी एक सपाट दगड होता आणि बाजूला जुन्या यंत्राचा गंजलेला लोखंडी खुंट. मी ऐटीत पुढे गेले, टोकावर पाय रोवले, पाय खांद्याएवढे फाकवले, उजवा हात कमरेच्या मागे नेला आणि मागे रेलायला लागले.

वन्संनी माझा दंड असा पकडला की चार दिवस वळ राहिला.

"अगं बये," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तोंड तिकडे कर."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी पाण्याकडे पाठ करून उभी होते. आमच्या कामात गच्चीवरून उतरताना कायम पाठमोरं उतरतात. तोंड इमारतीकडे, पाठ मोकळ्या हवेकडे. दोर ताणून धरायचा आणि मागे रेलून पहिलं पाऊल भिंतीवर टाकायचं. मी तेच करत होते, न विचार करता, आणि कमरेच्या मागे गेलेला हात दोर शोधत होता. दोर नव्हता. अजून थोडी रेलले असते तर डोक्यावर पडले असते.

 मी त्या लोखंडी खुंटाला धरलं आणि मग सावकाश वळले.

आता जे सांगते ते कुणाला खरं वाटणार नाही, पण मी उंची तेव्हा पहिल्यांदा पाहिली. आयुष्यभर उंचीवर काम केलं आणि ती सगळा वेळ माझ्या पाठीशी होती. मी बघत आले ते काच, काचेतलं माझं तोंड आणि काचेपलीकडे टेबलांवर जेवणारी, भांडणारी, पेंगणारी माणसं. मागे काय आहे ते कधी वळून बघितलंच नाही. बघायची गरजच नव्हती, मागचं सगळं दोर बघत होता. आणि आता समोर भिंत नव्हती, काच नव्हती, काही म्हणजे काही नव्हतं. माझ्या पायांच्या बोटांपाशी दगड संपत होता आणि तिथून हवा सुरू होत होती, सरळ समोरच्या कड्यापर्यंत. त्या हवेत पाकोळ्या, ती कड्यांत राहणारी पाखरं, फिरत होत्या, आणि त्या माझ्या खाली होत्या. मला वरून त्यांच्या पाठी दिसत होत्या. त्याच्याही खाली पाणी, आणि पाण्यात उलटं आभाळ, इतकं खोल की पडलं तर थांबायचं कुठे हेच कळेना.

 हात खुंटावरून सुटेना. सोड म्हटलं तर सोडेना, जणू दुसऱ्या कुणाचा हात. बरोबरच होतं त्याचं. इतकी वर्षं त्याला एकच शिकवलं होतं, काहीही झालं तरी धरलेलं सोडायचं नाही. त्याचा काय दोष?

"नाही जमणार वन्सं," मी म्हटलं.

मला वाटलं त्या रागावतील, नाहीतर समजूत काढतील. त्या माझ्या शेजारी दगडावर बसल्या आणि पाय खाली सोडले.

"मलाही दर वेळी भीती वाटते," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला?"

"मग काय. म्हणून तर त्याला आधी पाठवायचे. त्यानं हाक मारली की वाटायचं, तो आहे ना खाली, आता काय होतंय. मी स्वतःच्या बळावर एकदाही उडी मारलेली नाही गं. लोक उगाच कौतुक करतात."

मला हसू फुटलं. सगळ्या कुटुंबातल्या दोन शूर बायका, एक दोराच्या जिवावर आणि एक हाकेच्या. हसता हसता मी खाली पाहिलं. उतारावर भाऊजी खुर्चीत पुढे झुकून बसले होते. ते आमच्याकडे बघत नव्हते. ते पाण्यातल्या एका जागेकडे बघत होते, कड्यापासून जराशी बाजूला, जिथे ते स्वतः वर येऊन थांबायचे. त्या रिकाम्या पाण्याकडे ते असे टक लावून बघत होते की मला बघवेना.

मी पुन्हा समोर पाहिलं. भीती गेली नव्हती, हे स्पष्ट सांगते. पण बराच वेळ बघत राहिलं तेव्हा जाणवलं की समोरचं सगळं भीतीपेक्षा फार मोठं आहे. तो दगड, ते पाणी, ती मधली एवढी थोरली हवा. माझ्यासारखी एक पाल तिथे थरथरतेय का नाही, याचं त्याला काहीच नव्हतं. आणि का कोण जाणे, त्यानंच मला बरं वाटलं. एवढ्या मोठ्या गोष्टीसमोर घाबरण्यात लाज कसली. घाबरलेलीच जाईन. माझा हात खुंटावरून निघाला. मी काढला म्हणावं तर खोटं होईल, पण निघाला.

"पाय सरळ, हात अंगाशी, तोंड बंद," वन्सं म्हणाल्या.

मी पाऊल पुढे टाकलं.

पोट वरच राहिलं. कड्याच्या रेघा सर्रकन वर गेल्या. मी किंचाळले असेन, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की हातांत काही नव्हतं. आणि मग पाणी पायांना लागलं, कानशिलात बसल्यासारखं, आणि डोक्यावरून मिटलं.

त्या थंडीला मी काय म्हणू? ती बाहेरून लागली नाही, ती हाडांतून बाहेर आली. मी खाली खाली गेले आणि एका ठिकाणी आपोआप थांबले. डोळे उघडले. सगळं हिरवं. माझ्याच श्वासाचे बुडबुडे चकाकत वर चालले होते. पायांखाली काही नव्हतं, वर काही नव्हतं, दोर नव्हता, भिंत नव्हती, आणि तरी मी पडत नव्हते. मला कशानंतरी धरलं होतं, सगळ्या बाजूंनी, आणि मी त्याला धरलेलं नव्हतं. असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. मला रडू आलं. पाण्याखाली रडता येतं का ते माहीत नाही, पण आलं.

मग पाण्यानं मला वर ढकललं. तोंड बाहेर आलं आणि श्वास येईना. छाती आवळून गेली होती. कशीबशी थोडी हवा आत गेली, परत अडली, परत गेली. हातपाय मारत मी बाजूला सरकले, भाऊजींच्या जागेवर. आता हाक मारायची होती. एवढ्यासाठीच तर आले होते. मी तोंड उघडलं.

आवाजच नाही. दातखीळ बसली होती. गळ्यातून नुसती हवा बाहेर पडली. परत प्रयत्न केला, जबडा थडथडला आणि शब्द आतच राहिला. दोन शब्द, "ये गं," तान्ह्या पोरालाही येतील असे, आणि मला येईनात. हात वर करावा म्हटलं तर हात काढल्याबरोबर तोंडात पाणी गेलं. ठसका लागला.

वर वन्सं टोकाशी आल्या होत्या. खालून तो कडा इतका उंच दिसत होता की त्यांचं डोकं आभाळाला लागलं होतं. त्या वाकून बघत होत्या. वाट बघत होत्या. मला ठसक्यावर ठसके येत होते आणि हाक काही येत नव्हती. उतारावर भाऊजी उठले. खुर्ची मागे पडली, थर्मास गडगडत पाण्यात गेला. ते घोट्यापर्यंत पाण्यात आले, मग पोटऱ्यांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत, कपड्यांसकट. मला ओरडून सांगायचं होतं, मी ठीक आहे, मागे व्हा, तुमचं हृदय, पण तेही बाहेर पडेना. माझ्यामुळे या माणसाचं काही झालं तर, या विचारानं मी पाण्यापेक्षा गार पडले.

वन्संनी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि उडी मारली.

मी इतक्या वेळा वरून खाली आले, पण वरून येणारं माणूस खालून कधी पाहिलं नव्हतं. वन्सं कड्यापासून सुटल्या आणि क्षणभर हवेत नुसत्या होत्या. पांढरे केस वर उभे राहिलेले, पाय जुळवलेले, हात अंगाशी, डोळे सताड उघडे आणि माझ्यावर रोखलेले. साठीला टेकलेली, कवळ्या करणारी, खांदा दुखतो म्हणणारी बाई, आणि तिच्यामागे सगळं आभाळ. पाकोळ्या बाजूला झाल्या. माझा श्वास पुन्हा अडला, पण या वेळी थंडीनं नाही. नेमकी तेव्हाच माझी दातखीळ सुटली आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "ये गं." तोवर त्या पाण्यात शिरल्या होत्या.

माझ्याजवळ डोकं वर काढून त्यांनी मला काखेत धरलं. "बुडतेयस का?"

"ना... नाही."

"मग हाक का नाही मारलीस, गाढवे?"

"द... दात."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. दात कडाकडा वाजत होते. मग त्यांनी मान वळवून कड्याकडे पाहिलं, वरपर्यंत, सावकाश. आपण हाकेशिवाय तिथून आलो, हे त्यांच्या आता लक्षात येत होतं. मी बघितलं, त्यांचा चेहरा एकदम लहान मुलीचा झाला होता. मग त्यांची नजर उताराकडे गेली आणि तो चेहरा गेला.

"अरे, तू आधी पाण्याबाहेर हो!" त्या ओरडल्या, इतक्या जोरात की तिन्ही कडे एकदम तेच म्हणाले.

भाऊजी मुकाट्यानं बाहेर झाले. आम्ही पोहत काठाला लागलो. मला उन्हातल्या दगडावर बसवून वन्संनी माझ्याभोवती टॉवेल आवळला. भाऊजी विजार गुडघ्यापर्यंत ओली घेऊन समोर उभे होते. मला वाटलं ते हसतील, काहीतरी नाव ठेवतील. ते वन्संकडे बघत होते, जशी कुणी अनोळखी बाई दिसावी आणि तिच्यावरून नजर काढता येऊ नये.

"हाक आली नव्हती," ते म्हणाले.

"हिचा आवाज गेला होता. मला वाटलं बुडतेय."

"ते मलाही वाटलं. पण हाक आली नव्हती आणि तू आलीस."

वन्सं केस पिळत राहिल्या.

"झालं तर मग," भाऊजी म्हणाले.  "आता मी नसलो तरी तू उडी मारशील."

वन्संचे हात थांबले. मग त्यांनी स्वतःचा टॉवेल घेतला, भाऊजींना खुर्ची सरळ करून तिच्यावर बसवलं, आपण खाली दगडावर बसल्या आणि त्यांचे गारठलेले पाय मांडीवर घेऊन खसाखसा पुसायला लागल्या.

"मारीन," त्या पायांकडे बघत म्हणाल्या. "आता मारीन. पण तू नसणं मला चालणार नाही. आधीच सांगून ठेवते."

भाऊजींनी त्यांच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. मी तोंड दुसरीकडे केलं आणि पाण्याकडे बघत बसले.